अण्णांनी बरोबरीत सोडवलेली फायनल

परभणी जिल्ह्यात टाकळ्या पुष्कळ आहेत. मी सांगतोय ती मानवतच्या अंगाची. या टाकळीत जाऊन पारावर बसलेल्या कुणालाही विचारा की, त्या साली जत्रेच्या रविवारी फुटबॉलच्या मोठ्या चषकाची फायनल झाली होती, ती कोण जिंकलं? तो माणूस तुमच्याकडं दयेनं बघेल आणि म्हणेल, "जितलं कोन? बराबरीत सुटली की."

गावात मोबाईल नाहीत अशातला भाग नाही. मेंढरामागं हिंडणाऱ्याच्या खिशातसुद्धा मोबाईल आहे. पोरांना खरा निकाल त्याच दिवशी कळला होता. पण त्यांना खोदून विचारलं तर म्हणतात, "टीव्हीचा निकाल निराळा, अण्णाचा निराळा. आपल्याला ऱ्हायाचंय कुठं, टीव्हीत का टाकळीत?" खरा निकाल मलाही ठाऊक आहे. पण मी त्या गावचं मीठ खाल्लेलं असल्यामुळं तो माझ्या तोंडून निघायचा नाही.

मी टाकळीला जनावरांच्या दवाखान्यात होतो. हुद्दा पशुधन पर्यवेक्षकाचा, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांना लस टोचायची आणि वरच्या डॉक्टरची वाट बघायची. गाव मात्र मलाच डॉक्टर म्हणायचं. राहायला मी किसन अण्णांच्या घरात होतो, रस्त्याकडच्या खोलीत. त्यामुळं अण्णा मला दिवसभर दिसायचे आणि दिसत नसतील तेव्हा ऐकू यायचे, कारण त्यांच्या गळ्यात शिट्टी होती.

काळ्या दोऱ्यात ओवलेली पितळी शिट्टी. अण्णा हे टाकळीच्या जत्रेतल्या कुस्त्यांचे पंच. उंच, वाळलेला माणूस, गुडघ्यापर्यंत धोतर, पांढरा सदरा, आणि छातीवर ती शिट्टी. जत्रा वर्षातून एकदा यायची, शिट्टी बारा महिने गळ्यात. अंघोळीलाही ती निघत नसे. त्यांच्या बायको गयाबाई म्हणायच्या, "लग्नात मला डोरलं घातलं अन् सोताला शिट्टी घातली ह्यांनी. माझं तरी सोनाराकडं जातं कधी कधी."

अण्णांचा एक स्वभाव होता, की कोणतंही भांडण दिसलं की ते बरोबरीत सोडवायचं. कुस्ती बरोबरीत सुटली की पंच दोन्ही पैलवानांचे हात धरून वर करतो. अण्णांनी हा प्रकार आखाड्याबाहेर आणला होता. नळावर दोन बाया घागरीवरून जुंपल्या की अण्णा येत, शिट्टी फुंकत, दोघींचे हात धरून वर करत आणि गावाला ऐकू जाईल असं ओरडत, "बराबरी!" हात वर गेल्यावर शिव्या देता येत नाहीत हे मी तिथं प्रथम पाहिलं. शिवी द्यायला माणसाला कमरेवर हात लागतो.

शाळेतल्या साळवे गुरुजींनी एकदा पंधरा ऑगस्टला पोरांच्या धावण्याच्या शर्यतीला अण्णांना पंच म्हणून बोलावलं. गुरुजी शिस्तीचे, त्यांनी चुन्याची रेघ वगैरे मारून ठेवली होती. पोरं रेघेपासून हातभर लांब असताना अण्णांनी शिट्टी मारली, सगळ्यांना थांबवलं, हातात हात धरायला लावले आणि सगळी रांग एकदम रेघेवरून पलीकडं नेली. गुरुजी म्हणाले, "अहो अण्णा, मग बक्षीस कुणाला द्यायचं?" अण्णा म्हणाले, "रेघंला द्या. तीच एक जाग्यावर ऱ्हायली."

आणि एडक्यांची गोष्ट तर मीच निस्तरली. माझ्या दवाखान्याच्या दारात दोन मेंढे टक्कर खेळत होते. अण्णांनी शिट्टी मारली. मेंढ्यांना शिट्टीचं काही वाटलं नाही. मग अण्णा मध्ये शिरले, दोघांची शिंगं धरून वर करायला. दोन्ही मेंढे मागं सरले आणि दोन्ही बाजूंनी एकदमच आले. मी त्यांच्या बरगडीला मेंढरांचंच मलम लावलं, कारण दवाखान्यात दुसरं नव्हतं. कण्हत कण्हत अण्णा म्हणाले, "डॉक्टर, दोघांनी सारखीच धडक मारली का?" मी म्हटलं, सारखीच. "मग ठीक हाय," म्हणाले आणि उताणे पडून राहिले.

त्यांचं एक वाक्य होतं. कुठं निवाड्याला बोलावलं की आधी ते ऐकवायचे. "फैसला सोपा असतो, बाबा. फैसल्यानंतरचं जेवण अवघड असतं." मला आधी वाटलं, पंगतीबद्दल काहीतरी असेल. त्याचा अर्थ मला गयाबाईंनी भाकरी थापता थापता सांगितला, आणि मग मला अण्णांचं हसू येईनासं झालं, निदान काही दिवस.

गोष्ट अशी, की अण्णा पूर्वी असे नव्हते. ते पंचक्रोशीत कडक पंच म्हणून गाजलेले. त्यांचा एकुलता मुलगा मारुती, तो पैलवान. समोरच्या घरातला दत्तू, तोही पैलवान. दोघं एका ताटात जेवणारे मित्र. एका जत्रेत शेवटची कुस्ती या दोघांची लागली आणि पंच अण्णा. गावानं सुचवलं, अण्णा, आज दुसरा पंच घेऊ. अण्णा म्हणाले, "का? मला दिसत न्हाई का?" कुस्ती लांबली. शेवटी दत्तूनं मारुतीला खाली घेतलं, अण्णा मातीत आडवे झाले, गाल टेकून बघितलं आणि शिट्टी मारली. चितपट. अर्धं गाव म्हणालं पाठ लागली, अर्धं म्हणालं खांदा वर होता. मारुती म्हणाला, अण्णा, खांदा वर होता माझा. अण्णांनी दत्तूचा हात वर केला.

त्या दिवशी गयाबाईंनी पुरणाचं जेवण केलेलं. ताट वाढून ठेवलं. मारुती जेवायला आलाच नाही. आखाड्यातूनच मानवतला गेला आणि तिथून पुण्याला. तिकडं एका कारखान्यात लागला, लग्न केलं, बस्तान बसवलं, पण टाकळीत पाय टाकला नाही आणि अण्णांशी बोलला नाही. तेव्हापासून अण्णांनी कुणाला हरवलं नाही. जत्रेतल्या सगळ्या कुस्त्या बरोबरीत सुटायला लागल्या. लांबलांबचे पैलवान टाकळीला आनंदानं यायचे, कारण हरायची भीतीच नव्हती. बघणारे मात्र कमी झाले. अण्णांना एवढंच पाहिजे होतं, की एकदा तो पोरगा घरी येऊन समोर बसून जेवावा. ते हे कधी बोलले नाहीत. गयाबाई रोज बोलायच्या.

बाप-लेकांचं अबोलणं मात्र मोठं बघण्यासारखं होतं. दर रविवारी मारुतीचा फोन यायचा, आईला. गयाबाई फोन मोठ्या आवाजावर लावून उखळीवर ठेवायच्या आणि अण्णा शेजारी बसायचे.

"त्याला इचार, तिकडं पाऊस झाला का," अण्णा बायकोला म्हणायचे.

"आई, त्यान्ला सांग, झाला," फोन म्हणायचा.

"त्याला म्हन, मंग छत्री घे."

"त्यान्ला म्हन, हाय छत्री."

गयाबाई मध्ये हूं का चूं करत नसत. दोघांनाही सगळं ऐकू येत होतं, फक्त ते गयाबाईंच्या नावानं पाठवलं जात होतं. एकदा त्या मधेच उठून शेळीला बांधायला गेल्या, तर दोघंही त्या परत येईपर्यंत गप्प बसले होते.

मग एके दिवशी मानवतहून जीपमध्ये एक भला मोठा टीव्ही आला. मारुतीनं पाठवलेला. तालुक्यातसुद्धा एवढा टीव्ही कुणाकडं नसेल, अशी गावात बोलवा झाली. अण्णांनी तो भिंतीला टेकवला आणि वर घोंगडी टाकली. म्हणाले, "देनारानं सोता येऊन लावावा." गयाबाई तेवढ्यावर थांबणाऱ्या नव्हत्या. त्यांनी दत्तूकडून तो लावून घेतला आणि रोज घोंगडीचा कोपरा उचलून मालिका बघायला लागल्या. अण्णा टीव्हीकडं पाठ करून बसायचे आणि ऐकायचे. मालिकेतली सगळी माणसं त्यांना आवाजावरून ठाऊक झाली होती. सासू-सुनेचं वाजलं की हात नकळत शिट्टीकडं जायचा.

त्या साली मार्गशीर्षातली खंडोबाची जत्रा आली आणि मारुतीही आला. गयाबाईंनी फोनवर रडून, तळी भरायला तरी ये म्हणून, आणला. पण उतरला तो समोर, दत्तूच्या घरी. दत्तूशी त्याचं कधी काही बिनसलंच नव्हतं. ज्यानं पाडलं त्याच्याकडं मुक्काम, आणि ज्यानं पाडलेलं बघितलं त्याच्याशी अबोला. अण्णांनी खिडकीतून बघितलं आणि गयाबाईंना म्हणाले, "दत्तूच्या घरी कोन पाव्हना आलाय बग. चालायला आपल्यातलाच वाटायलाय." गयाबाईंनी ताट वाढलं आणि समोर निरोप पाठवला. निरोप परत आला, की दत्तूकडं जेवण झालंय.

त्याच रविवारी साळवे गुरुजी अण्णांकडं आले. ट्रेनिंग कॉलेजात असताना गुरुजी म्हणे फुटबॉल खेळले होते. म्हणाले, "अण्णा, आज जगातली मोठी मॅच आहे. मोठा टीव्ही तुमच्याकडंच. अंगणात लावू. जत्रेची माणसंही बघतील."

अण्णांनी विचारलं, "पंच असतो का त्यात?"

"असतो की."

"शिट्टी असती का?"

"असते."

"मंग लावा," अण्णा म्हणाले.

टीव्ही अंगणात आणायचा म्हणजे वायर लांबवायची. दत्तूला ते जमेना. त्यानं मुद्दामच जमवलं नाही असं माझं मत आहे. तो समोर जाऊन मारुतीला घेऊन आला. मारुती मान खाली घालून अंगणात शिरला. पोट सुटलेलं होतं, पण खांदे पैलवानाचेच. तो वायर जोडायला बसला आणि अण्णा वायरचं दुसरं टोक धरून उभे राहिले. मध्ये गयाबाई.

"त्याला म्हन, वायर आखूड पडती."

"आई, त्यान्ला म्हन, मला दिसायलंय."

"त्याला म्हन, झटका बसंल, चप्पल घाल."

मारुतीनं चप्पल घातली. टीव्ही लागला. अण्णांनी स्वतःच्या हातानं घोंगडी काढून घडी करून ठेवली आणि मग ते टीव्हीकडं तोंड करून बसले. गयाबाई माझ्याकडं बघून पदरानं नाक पुसत होत्या.

अंगणात ही गर्दी झाली. खेळणारे देश कोणते, हे साळवे गुरुजींनी दोनदा सांगितलं, पण कुणाच्या लक्षात राहिलं नाही आणि कुणाला गरजही वाटली नाही. एक बाजू पिवळ्या कपड्यातली, एक पांढऱ्या. मेंढरंवाली सगळी गल्ली एका क्षणात पिवळ्याकडून झाली, कारण पिवळा हा भंडाऱ्याचा रंग, खुद्द खंडोबाचा, त्यातून दिवस जत्रेचा. कापूसवाले शेतकरी साहजिकच पांढऱ्याकडून. त्यांचा कापूस अजून वेचायचा होता आणि पांढरा हरला तर भाव पडेल असं एकानं बोलून दाखवलं. दत्तूचा कापूस होता, म्हणून तो पांढऱ्याकडं. मारुती पिवळ्याकडं. दोघं मागं एका बाजेवर बसले. अण्णा सगळ्यांच्या पुढं, टीव्हीपासून हातभर, शिट्टी ओठात धरून.

खेळ सुरू झाला आणि अण्णांचं पंचाशी बिनसलं. पडद्यावरचा पंच मैदानभर पळत होता. "लय पळतो," अण्णा म्हणाले. "पंचानं जागा सोडू न्हाई. पंचच पळाया लागला तर लोकांनी कुनाकडं बघावं?" एका खेळाडूनं दुसऱ्याला पाय घातला की अण्णा आधी शिट्टी मारत. पडद्यावरच्या पंचानंही मारली तर मान डोलावत, नाही मारली तर मागं वळून गर्दीला विचारत, "बघितलं का? आंधळा हाय का?" थोड्या वेळानं अंगणातली माणसं पडद्यावरच्या शिट्टीला दाद देईनाशी झाली. अण्णांची वाजली तरच फाऊल.

कुणी खेळाडू पडून गडबडा लोळायला लागला की सगळं अंगण माझ्याकडं वळायचं. "डॉक्टर, मोडला का पाय?" मी म्हणायचो, मेंढरू असतं तर सांगितलं असतं. "मेंढरूच समजा," मागून कुणीतरी म्हणालं. मी म्हटलं, मेंढरू असतं तर इतकं लोळलं नसतं. तेवढ्यात तो खेळाडू उठून पळायला लागला, आणि माझा गावातला भाव एकदम वाढला. गयाबाई प्रत्येक पडलेल्याला "पानी द्या रं त्याला कोनी" म्हणत होत्या, दोन्हीकडच्या.

आणि पिवळ्यांनी पहिला गोल केला.

"येळकोट येळकोट!" अशी आरोळी उठली आणि जत्रेवरून आलेल्या ज्याच्या-त्याच्या हातात भंडारा होता तो सगळा टीव्हीवर गेला. काही तरी उधळायचं म्हटल्यावर जिकडं देव तिकडं भंडारा, यात त्यांचं काही चुकलं नाही. पडदा पिवळाधमक झाला. कापूसवाले ओरडले, पुसा, पुसा. गयाबाईंनी पदर ओला करून पुसला आणि हळदीचा छान लेप बसला. आतली माणसं दिसत होती, चेंडू दिसत होता, पण झाडून सगळ्यांचे कपडे पिवळे. वरच्या कोपऱ्यातले आकडेही हळदीखाली गेले.

मग पांढऱ्यांनी गोल केला. केला तो पांढऱ्यांनी, हे फक्त साळवे गुरुजींना कळलं, कारण ते कान देऊन हिंदीतलं बोलणं ऐकत होते. मेंढरंवाल्यांना पिवळा माणूस नाचताना दिसला. पुन्हा येळकोट, पुन्हा उरलासुरला भंडारा. कापूसवाल्यांना गुरुजींनी सांगितलं की तुमचा झाला, तेही उठून नाचायला लागले. दोन्ही बाजू एकाच गोलाला एकमेकांच्या गळ्यात पडून नाचल्या. मी आयुष्यात इतके सुखी प्रेक्षक पाहिले नाहीत. गुरुजी उभे राहून सांगत होते, "अरे, तुमच्यावर गोल झालाय!" मेंढरंवाल्यांपैकी एक म्हातारा त्यांना म्हणाला, "गुरुजी, तुमाला शाळा सुटल्यावरबी बसवत न्हाई का?"

पुढं एकदा पंच खेळ थांबवून मैदानाच्या कडेला गेला आणि तिथल्या एका छोट्या टीव्हीत डोकं घालून बघायला लागला. अण्णा उठूनच उभे राहिले. "आपन त्याला बघायलोय, अन् तो टीव्ही बघायलाय! काय बघायलाय?"

गुरुजी म्हणाले, "झालेली गोष्ट पुन्हा बघतोय. शंका असली की पंचाला परत बघता येतं."

"परत?" अण्णा म्हणाले.

मागच्या बाजेवरून मारुतीचा आवाज आला. तो बोलला दत्तूशी, पण अंगणाला ऐकू जाईल असा. "त्या दिवशी आपल्या आखाड्यात असा टीव्ही पायजे व्हता."

टाकळीत त्या कुस्तीचा विषय कुणी काढत नसे. दत्तूनं मारुतीच्या मांडीवर थाप मारून त्याला गप्प केलं. अण्णा मागं न बघता खाली बसले. त्यानंतर बराच वेळ त्यांनी शिट्टी मारली नाही, आणि त्यामुळं दोन-तीन फाऊल तसेच गेले.

वेळ संपला. गुरुजी म्हणाले, दोघांचे सारखे गोल. जादा वेळ दिला, तोही संपला. पुन्हा सारखे. अण्णांच्या चेहऱ्यावर मी समाधान बघितलं. ते धोतर सावरत उठले, जणू झालं आता, निघायला हरकत नाही. तेव्हा गुरुजींनी सांगितलं, की अजून निकाल लागायचाय. आता एकेक खेळाडू येणार, एकटा उभा राहून चेंडू मारणार, ज्याचा चुकेल त्याची बाजू हरणार.

"एकट्यानं?" अण्णांनी विचारलं.

"एकट्यानं."

"सगळ्या गावादेखत?"

"सगळ्या जगादेखत."

"इतकं पळून बराबरी झाली, अन् आता एका लेकराच्या गळ्यात बांधायची हार?" अण्णा म्हणाले. "त्यानं घरी कसं जावं? जेवावं कसं त्यानं?"

ते टीव्हीच्या आणि गावाच्या मध्ये उभे राहिले. लांब, करकरीत शिट्टी मारली. मागं पडद्यावर कुणीतरी चेंडू ठेवून मागं सरकत होता.

"पांढऱ्याकडून दत्तू, पुढं ये," अण्णा म्हणाले. दत्तू आला. "पिवळ्याकडून कोन हाय?"

पिवळ्याकडून निम्मं गाव होतं, पण सगळे मागच्या बाजेकडं बघत होते. अण्णा तिकडं बघत नव्हते. त्यांनी नुसता हात पुढं करून ठेवला होता. शेवटी मेंढरंवाल्या म्हाताऱ्यानं मारुतीला मागून ढकललं. मारुती आला आणि त्यानं आपलं मनगट बापाच्या हातात दिलं. अण्णांनी दोघांचे हात वर केले.

"कुस्ती बराबरीत!"

आणि गयाबाईंनी टीव्हीची पिन उपटली.

असा जल्लोष त्या खऱ्या मैदानात झाला असेल की नाही, शंका आहे. दोन्ही बाजू नाचल्या. गुरुजी कपाळाला हात लावून बसले आणि मग तेही हसायला लागले. अण्णांनी दत्तूचा हात सोडला. मारुतीचा सोडायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. मारुतीनं तो सोडवून घेतला आणि म्हणाला, थेट बापाला, मध्ये कुणी नाही,

"अण्णा, हे त्या दिशी कामून न्हाई केलं?"

आवाज हळूच होता, पण अंगणभर ऐकू गेला. आम्हाला सगळ्यांना वाटलं, आता अण्णा चुकलं म्हणतील. एवढं एक वाक्य म्हटलं असतं की मिटलं असतं. गयाबाई तर हातानं खुणा करत होत्या, म्हणा, म्हणा.

अण्णा म्हणाले, "त्या दिशी तुजी पाठ लागली व्हती, मारुती. म्या बघितली. आज परत लढलास अन् परत लागली, तर परत दत्तूचा हात वर करीन."

दत्तूनं डोळे मिटून घेतले. मारुती वळला आणि फाटकाकडं निघाला.

"थांब," अण्णा म्हणाले. "फैसला चुकला न्हाई. फैसल्यानंतर चुकलं. तुज्या पाठीला माती लागली व्हती, ती म्या झाडायला पायजे व्हती. ती दत्तूनं झाडली. म्या तितं शिट्टी धरून हुबा. पंचाला आखाड्यात लेक नसतो, असं वाटलं मला. जागा सोडू न्हाई असं वाटलं." मग म्हणाले, "लय पळतो तो टीव्हीतला, पन जिथं कोनी पडलं तिथं जातो तरी."

मारुती फाटकाला हात लावून उभा होता. दत्तू त्याला म्हणाला, "लागली व्हती रं पाठ. माजा गुडघा व्हता तुज्यावर, मला कळत नव्हतं का?" मारुती म्हणाला, "मला म्हाईत हाय." मग त्याला हसू फुटलं आणि रडूही आलं. "मला तवाबी म्हाईत व्हतं."

हे ऐकून मला एकदम राग आला. इतकी वर्षं! एका बाईला मध्ये बसवून छत्रीचे निरोप! पण गयाबाईंना राग आलेला दिसला नाही. त्या आत गेल्या आणि ताटांचा आवाज आला. अण्णा आणि मारुती समोरासमोर बसले, दत्तूला आणि मलाही बसवलं. हात सगळ्यांचे पिवळे. जेवताना अण्णा सवयीनं बायकोला म्हणाले, "त्याला इचार, भाकर घेतो का." गयाबाई म्हणाल्या, "तुमच्या तोंडाला काय झालं?" अण्णा मारुतीकडं वळून म्हणाले, "भाकर घेतो का रं?" मारुतीनं घेतली.

दुसऱ्या दिवशी मारुती जायला निघाला. मला मानवतला लस आणायला जायचंच होतं, अण्णाही आमच्याबरोबर निघाले. त्यांच्या पिशवीत दोन नारळ होते. टाकळीचा रिवाज असा, की कुस्ती बरोबरीत सुटली तर दोन्ही पैलवानांना नारळ. पैलवान लांबचे असले म्हणून रिवाज सुटत नाही. पोस्टात खिडकीपलीकडच्या माणसानं विचारलं, पत्ता? अण्णा म्हणाले, "एक पिवळ्यांचा, एक पांढऱ्यांचा." तो म्हणाला, देश कोणता? अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी देश सांगितले. त्या माणसानं नारळ तागडीत ठेवून बघितले, हलवून बघितले, आतलं पाणी वाजलं, आणि द्रव पदार्थ चालत नाही म्हणून परत दिले. अण्णांनी वाद घातला नाही. दोन्ही नारळ मारुतीच्या बॅगेत घातले.

"पुन्यातून टाक," म्हणाले. "दोनी एकदम टाक बरं. एक आदी पोचायला न्हाई पायजे."

"एकदमच टाकतो, अण्णा," मारुती म्हणाला. तो हे गंभीरपणे म्हणाला. पुण्यात राहूनही तो टाकळीचाच होता.

एस.टी. लागली. माझी त्याच आठवड्यात सेलूला बदली झाली आणि सामान मी घाईत हलवलं, त्यामुळं अण्णांना मी नीट पाहिलं ते शेवटचं त्या स्टँडवर. मारुतीनं एक पाय पायरीवर ठेवला होता. अण्णा म्हणाले, "थांब जरा." त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि त्याची पाठ झाडायला लागले. मागून लोक चढायला ढकलत होते. सदरा नवा होता, इस्त्रीचा होता, त्याला काही लागलेलं नव्हतं. अण्णा मानेपासून कमरेपर्यंत सावकाश झाडत राहिले. मारुती दांडा धरून पाठ देऊन उभा होता. कंडक्टरनं आतून विचारलं, काय लागलं हो? अण्णा म्हणाले, "माती."